खऱ्या जागांवरचं फोटोकॉमिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो काढायचे आणि त्यांवर संवादाचे फुगे चिकटवायचे, एवढंच ना?

तेवढ्यानेही पान तयार होतं, पण वाचवत नाही. फोटोंतून गोष्ट सांगणारी मासिकं इटलीत १९४७ च्या सुमारास निघाली आणि तिथून स्पेन, लॅटिन अमेरिकेपर्यंत पोचली. अडचण तेव्हापासून तीच आहे: फोटो सगळंच सांगून टाकतो. चित्रकार वाड्याची भिंत काढताना चार विटा दाखवतो आणि बाकीची भिंत वाचकावर सोपवतो. कॅमेरा मात्र प्रत्येक वीट, लोंबणारी केबल, दोरीवरचा टॉवेल आणि नायिकेचा चेहरा सारख्याच निष्ठेने टिपतो. डोळा टॉवेलवर अडतो आणि फुगा वाचायचा राहून जातो.

त्यामुळे फोटोला चित्राचं रूप देणं म्हणजे मुख्यतः वगळणं. कोणता फिल्टर वापरायचा हा प्रश्न नंतरचा. काय ठेवायचं आणि काय घालवायचं हे आधी ठरवा, आणि तेही शूटिंगला निघण्यापूर्वी.

शैली आधी ठरवायची की फोटो आल्यावर?

आधीच. शैली ठरली की प्रकाश ठरतो. शुद्ध काळ्या-पांढऱ्यात काम करायचं असेल तर एका बाजूने येणारा कडक प्रकाश आणि ठसठशीत सावल्या लागतात. ढगाळ दिवशी काढलेला चेहरा थ्रेशोल्डखाली घातला (म्हणजे प्रत्येक पिक्सेल एकतर काळा, नाहीतर पांढरा केला) की नाक गायब होतं. चार-पाच छटांच्या सपाट रंगांत काम असेल तर मऊ प्रकाश चालतो, किंबहुना सोयीचाच पडतो.

तीन चाचणी फोटो घ्या: चेहऱ्याचा क्लोज-अप, कमरेपासून वरचा आणि जागेचा लांबचा. तिघांवर ठरवलेली प्रक्रिया पूर्ण करा, एका पानावर मांडा आणि छापून हातभर अंतरावरून पाहा. क्लोज-अपवर सुंदर दिसणारी शैली लांबच्या फोटोत निव्वळ काळे डाग होऊन बसते. हे या टप्प्यावर कळलं तर एक दुपार जाते, नंतर कळलं तर सगळं शूटिंग.

मोबाइल चालेल का?

चालेल. डेमी आकाराचं पान, म्हणजे ५.५ × ८.५ इंच, चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कटिंगमध्ये जाणारी जादा कड) धरून ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) साधारण १७२१ × २६२१ पिक्सेल होतं. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल ४००० × ३००० पिक्सेल देतो. पूर्ण पानाच्या चौकटीलाही तो पुरून उरतो.

मोबाइलचं दुखणं वेगळं आहे. तो आपणहून सावल्या उजळतो आणि कडा धारदार करतो. आपल्याला हव्या असलेल्या काळ्या सावल्या त्याने आधीच राखाडी करून ठेवलेल्या असतात, आणि धारदार केलेल्या कडेभोवती जी पांढरी किनार उमटते ती पुढे रेघ काढताना दुहेरी रेघ होऊन बाहेर येते. म्हणून प्रो मोड आणि रॉ फाइल (मोबाइलने न बदललेला मूळ फोटो) वापरा, एचडीआर (सावल्या उजळणारी सोय) बंद ठेवा. पोर्ट्रेट मोड तर नकोच. तो केसांच्या आणि कानाच्या कडा खातो. चेहऱ्यासाठी ०.५एक्स लेन्स टाळा, २एक्स वापरून दीड-दोन मीटर मागे सरका.

कॅमेरा असेल तर फुल फ्रेमवर जागेसाठी ३५ मिमी, माणसांसाठी ५० ते ८५ मिमी, अ‍ॅपर्चर एफ ८ च्या आसपास. मागचं धूसर करायचा मोह आवरा. धूसर भागातून रेघ निघत नाही, नुसता चिखल उरतो.

महाराष्ट्रात कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी शूट करावं?

मे महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईत सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, हनुवटीखाली काळोख साचतो आणि थ्रेशोल्डनंतर चेहऱ्याची कवटी होते. डिसेंबरात मात्र दुपारी बारा-साडेबारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो. सावली माणसाच्या उंचीच्या थोडी आत पडते. म्हणजे हिवाळ्यात दिवसभर काम करता येतं, उन्हाळ्यात सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर.

सावलीची बाजू अगदीच काळी पडत असेल तर थर्माकोलची पांढरी शीट धरा. सावली पूर्ण पुसू नका, आतला डोळा दिसेल इतपतच उजळा.

पावसाबद्दल नेहमी विचारलं जातं. फोटोत पाऊस फारसा दिसतच नाही. मागून उजेड असेल आणि शटर १/६० ते १/१२५ असेल तर थोड्या रेषा येतात, त्याही पुढच्या प्रक्रियेत तुटतात. ओला रस्ता, त्यातलं प्रतिबिंब, भिजलेली छत्री एवढं खरं घ्या आणि पावसाच्या रेषा वेगळ्या लेयरवर हाताने ओढा.

रात्रीचा प्रसंग सूर्यास्तानंतरच्या साधारण वीस मिनिटांत उरकावा. आकाशात थोडा उजेड असतो, दिवे लागलेले असतात, इमारतीची कडा आकाशापासून सुटी दिसते. पूर्ण अंधारात काढलेल्या फोटोतून नॉइज (रवाळ ठिपके) सोडून काही हाती लागत नाही.

जागा कशी निवडायची?

आकृती बघून. डोळे किलकिले करून समोरची जागा तीन छटांत वाचता येते का ते पाहा. वाईजवळ मेणवलीचा घाट चांगला उतरतो, कारण पायऱ्यांच्या आडव्या रेषा, त्यांमागची दगडी भिंत आणि खालचं पाणी असे तीन स्वच्छ पट्टे मिळतात. गिरगावातली खोताची वाडी अरुंद आहे, पण लाकडी जिने, कठडे आणि उतरती छपरं यांच्या रेघा ठळक निघतात. दाट झाडी बघायला छान, कॉमिकला वाईट. प्रत्येक पान स्वतःची रेघ मागतं आणि चौकट काळी-करडी होऊन जाते.

प्रत्येक जागेवर आधी कलाकारांशिवाय एक फेरी मारा आणि वहीत नोंदवा: कॅमेऱ्याची जमिनीपासून उंची, लेन्स, सूर्य कोणत्या बाजूला आणि किती वाजता, कुठून काढलं की वायरी आणि निळ्या ताडपत्र्या टळतात. रिकाम्या जागेचे फोटोही त्याच वेळी घेऊन ठेवा. पुढे एखादा माणूस वेगळा काढून बसवायची वेळ आली तर ही वहीच वाचवते. कॅमेरा जागेवर छातीच्या उंचीला आणि घरी माणसाचा फोटो डोळ्याच्या उंचीवरून काढला असेल, तर तो माणूस जमिनीवर उभा न वाटता तरंगताना दिसतो. पायाखाली सावली रंगवल्याने ते सुधारत नाही.

परवानग्या कुठे लागतात?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या वास्तूंत, उदाहरणार्थ पुण्याचा शनिवारवाडा किंवा वेरूळ, हातात कॅमेरा घेऊन फिरणं वेगळं आणि ट्रायपॉड, दिवे, कलाकार घेऊन काम करणं वेगळं. दुसऱ्यासाठी आधी लेखी परवानगी घ्या. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. रेल्वे स्थानकावर ठरवून केलेलं शूटिंग असेल तर रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे अर्ज करावा लागतो. ड्रोन उडवायचा असेल तर डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहा. खाजगी वाडा किंवा चाळ असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, आणि शेजाऱ्यांना तोंडी सांगा. प्रत्यक्षात काम तिथेच अडतं.

कॉपीराइटचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ इमारतीचा फोटो छापू देतं, सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या पुतळ्याचाही. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला मात्र ती सवलत लागू होत नाही. पुतळ्यासमोर प्रसंग घडवा, पण म्युरलसमोर घडवायचा असेल तर चित्रकाराची परवानगी घ्या किंवा प्रक्रियेत ते चित्र बदलून टाका.

चेहरा ओळखू येईल अशा प्रत्येकाची लेखी संमती हवी. मूल असेल तर पालकांची. संमतीपत्रात ‘छायाचित्रात बदल करून, छापील आणि डिजिटल स्वरूपात’ हे शब्द असू द्या. नुसती फोटोला दिलेली संमती पुढे वादाची ठरू शकते. वाहनांच्या पाट्या आणि दुकानांच्या बोर्डांवरचे फोन नंबर पुसून टाका. चार छटांतही ते आरामात वाचता येतात.

एका पानावर किती चौकटी, एका चौकटीत किती शब्द?

डेमी पानावर चार ते सहा. २४ पानी अंक म्हणजे दीड फर्मा (एक फर्मा १६ पानांचा), सुमारे १२० चौकटी. एका फुग्यात १२ ते १५ शब्द, एका चौकटीत जास्तीत जास्त दोन-तीन फुगे. फोटोतले लोक खरे असल्यामुळे ते लांबलचक बोलू लागले की भाषण ठोकल्यासारखे दिसतात.

शूटिंगआधी पानांचा कच्चा आराखडा कागदावर काढा, काड्यांची माणसं चालतील. प्रत्येक चौकटीत फुग्याची जागा आखून ठेवा आणि फोटो काढताना ती खरोखर मोकळी ठेवा. डोक्यावर एक तृतीयांश फ्रेम रिकामी ठेवली तर फोटो म्हणून ती विचित्र दिसते. दिसू द्या.

आधी बोलणारा डावीकडे उभा हवा. आपण डावीकडून वाचतो, त्यामुळे प्रश्न विचारणारा उजवीकडे उभा राहिला की फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. ‘नंतर फोटो आडवा उलटवू’ हा उपाय इथे चालत नाही: पाट्यांवरची अक्षरं उलटी होतात, पदर उजव्या खांद्यावर जातो, घड्याळ दुसऱ्या हातात येतं. वाचकाला चूक सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. पदराचं मात्र हमखास कुणीतरी सांगतंच.

फोटोचं चित्र करायची नेमकी प्रक्रिया काय?

गिंप, क्रिता किंवा फोटोशॉप, कशातही करा, क्रम महत्त्वाचा.

१. रॉ फाइल उघडून लेन्सचा बाक काढा आणि सगळ्या फोटोंचा उजेड एकसारखा करा.

२. फोटो चौकटीच्या अंतिम मापात आणा. हे आत्ताच. रेघेची जाडी पिक्सेलमध्ये ठरते. मोठ्या फोटोवर रेघ काढून तो नंतर लहान केला तर एका चौकटीत केसासारखी बारीक आणि शेजारच्या चौकटीत मार्करसारखी जाड रेघ दिसते. अंक कच्चा वाटण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

३. माणसं आणि पार्श्वभूमी वेगळ्या लेयरवर घ्या.

४. मीडियन ब्लर (बारीक ठिपके पुसून कडा राखणारा फिल्टर) ३ ते ५ पिक्सेल. हे टाळलंत तर नॉइजचा प्रत्येक कण पुढच्या पायरीवर ठिपका होतो.

५. फोटो राखाडी करा आणि मग पोस्टराइझ करा, म्हणजे छटा मोजक्या पातळ्यांत तोडा: पार्श्वभूमीला ३ ते ४ पातळ्या, माणसांना ४ ते ५. रंगीत फोटो थेट पोस्टराइझ केला तर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल वेगवेगळ्या ठिकाणी तुटतात आणि गालावर हिरवट-जांभळे पट्टे उमटतात.

६. ग्रेडियंट मॅपने (प्रत्येक राखाडी छटेला एक रंग नेमून) रंग द्या. प्रत्येक प्रसंगाला ४-५ रंगांचा एकच संच.

७. रेघांसाठी चौथ्या पायरीनंतरच्या फोटोची प्रत घ्या, तिच्यावर डिफरन्स ऑफ गॉशियन्स हा कडा शोधणारा फिल्टर लावा, त्रिज्या ३ आणि १ पासून सुरुवात करा. निकाल फिका आला तर लेव्हल्स ओढून काळा करा, लेयर मल्टिप्लायवर ठेवा, म्हणजे पांढरं नाहीसं होऊन फक्त रेघा रंगांवर दिसतात.

८. नको त्या रेघा खोडा. खरा वेळ इथे जातो आणि तो द्यावा. खिडकीच्या बारा गजांपैकी पाच पुरतात.

चेहरे डागाळलेले दिसतात. काय चुकतं?

बहुतेक वेळा पातळ्यांची सीमा गालाच्या मधोमध पडलेली असते. गालावर उजेड हळूहळू कमी होतो, त्यामुळे सीमा वेडीवाकडी फिरते आणि कोड असल्यासारखा डाग तयार होतो. पोस्टराइझ करण्याआधी डॉज (उजळणारं) आणि बर्न (गडद करणारं) या ब्रशांनी निर्णय तुम्ही घ्या: गाल पूर्ण उजेडात ढकला, जबड्याची बाजू पूर्ण सावलीत. सीमा नाकाच्या कण्यावरून, गालफडाखालून आणि जबड्याच्या कडेने गेली की चेहरा ओळखू येतो.

रेघाही चेहऱ्यावर कमीच ठेवा. पापणी, भुवई, नाकपुडी, ओठांमधली रेघ, जबडा. नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी फिल्टर नेमाने काढतो आणि विशीतली मुलगी पन्नाशीची होते. ती पुसा. दातांमधल्या रेघाही पुसा.

ठिपक्यांची जाळी केली की मोबाइलवर लहरी दिसतात. का?

ठिपके काढल्यावर प्रतिमेचं माप बदललं म्हणून. ठिपक्यांचं अंतर आणि स्क्रीनच्या पिक्सेलचं अंतर जुळत नाही, त्यातून मोआरे, म्हणजे या लहरी, उठतात. ठिपके सगळ्यात शेवटी, अंतिम मापातच टाका. छापील आणि वेब यांच्यासाठी वेगवेगळे. वेबसाठी ठिपक्यांचं अंतर ६ ते ८ पिक्सेल ठेवा आणि १०० टक्के झूमवरच तपासा. छपाईत प्रेसची स्वतःची बारीक जाळी असतेच, तुमची तिच्याजवळ जाता कामा नये: इंचाला ३० ते ४५ ओळी इतकी ढोबळ ठेवा. आणि एकाच छटेला ठिपके द्या, सगळ्या पानाला नको.

एआयला फोटो देऊन चित्र करून घेतलं तर?

एकटी चौकट देखणी येते, १२० चौकटींत मात्र नाक, कानातलं, शर्टाची बटणं बदलत राहतात. खरी जागा निवडलेली असते ती ओळखू यावी म्हणून, आणि हे साधन नेमकं कमानींची संख्या बदलतं, पाटीवर अक्षरांसारखं काहीतरी गिचमिडं काढतं. नको त्या वायरी पुसण्यासाठी जरूर वापरा. पूर्ण शैलीसाठी आमचा कल नाही.

देवनागरी फुग्यांसाठी कोणता फाँट, किती मापाचा?

कलम हा हस्ताक्षरी वळणाचा आहे आणि संवादाला बरा दिसतो. मुक्ता निवेदनाच्या पट्टीला. बलू आणि मोदक शीर्षकांना. चारही मोफत आणि युनिकोड आहेत. छपाईत १० पॉइंट आणि ओळींचं अंतर १४ पॉइंट धरा. इंग्रजी कॉमिकचं अंतर उचललं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. वेबवर १०८० पिक्सेल रुंदीच्या प्रतिमेत ४० पिक्सेलपेक्षा लहान अक्षर नको.

अक्षरांमधलं अंतर कधीही वाढवू नका, शिरोरेघ तुटते. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील आणि पहिली वेलांटी अक्षरानंतर पडत असेल, तर मजकुराच्या पसंतींमध्ये जागतिक लिप्यांची मांडणी सुरू करा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेली संहिता आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर एकदा पूर्ण वाचा. रफार आणि अर्धी अक्षरं हमखास गडबडतात.

शेपटी तोंडाच्या दिशेने, फुगा ते तोंड या अंतराच्या निम्म्यापर्यंत. तोंडाला टेकवू नका.

‘धाड्’, ‘खळ्ळ’ असे आवाज कसे काढायचे?

मराठीत आवाजांची ददात नाही: खाड्कन, धप्प, कर्रर्र, सुळ्ळकन, टपटप. दाराला ‘कर्रर्र’ आणि कडीला ‘खाड्कन’, दोन्ही वेगळे लिहा. उगाच ‘बँग’ आणायची गरज नाही.

इंग्रजीत प्रत्येक अक्षर वेगवेगळं तिरकं करतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. पूर्ण शब्दाला एकच आकार समजा: शिरोरेघेची एक वक्र रेषा आधी काढा, अक्षरं तिला लोंबती ठेवा. फाँट वापरून करत असाल तर इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये मजकुराचे पाथ (रेषाकृती) करा, गट सोडवा आणि युनियन करून सगळे आकार एक करा. त्यानंतरच जाड बाह्यरेषा द्या. आधी दिली तर प्रत्येक जोडावर शिरोरेघेत उभी चीर दिसते.

प्रेसला फाइल देताना काय तपासावं?

पानांची संख्या चारच्या पटीत, नाहीतर पिन बाइंडिंग बसत नाही. ब्लीड ३ मिमी. फुगे आणि चेहरे कटिंगच्या रेषेपासून निदान ६ मिमी आत. जाड अंकात मधली पानं बाहेर सरकतात आणि त्यांचं कटिंग जास्त आत येतं, तिथे ८ मिमी ठेवा.

रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या (के) शायांत, बदलून पडद्यावर पाहा. झगझगीत निळा आणि हिरवा मळकट होणार हे गृहीत धरूनच रंगसंच निवडा. फुग्यातली अक्षरं आणि रेघा फक्त काळ्या शाईच्या असाव्यात, १०० टक्के के. चार शायांचं काळं दिलं आणि प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षराभोवती गुलाबी-निळी सावली दिसते. मोठ्या काळ्या पटांना मात्र थोडी निळी शाई जोडावी, नुसतं के करडं दिसतं. एकूण शाई (चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज) आर्ट पेपरवर, म्हणजे गुळगुळीत चकचकीत कागदावर, ३०० टक्क्यांच्या आत ठेवा. मॅपलिथोवर, म्हणजे साध्या बिनचकाकीच्या कागदावर, आणखी कमी, कारण तो शाई पितो आणि सावल्यांतली शेवटची छटा काळ्यात मिसळून जाते.

फाँट पाथमध्ये बदलूनच पीडीएफ द्या, आणि डिजिटल प्रूफ (छपाईआधीची नमुना प्रत) त्याच कागदावर मागा. प्रूफमध्ये आधी सगळ्यात काळोखी चौकट पाहा, मग सगळ्यात लहान अक्षर.